पदवी आणि पुरावा

विरारच्या विजयनगरमधील रमाबाई अपार्टमेंट ऑगस्ट २०२५ मध्ये कोसळून १७ जणांचा बळी गेला. इमारत अनधिकृत होती. सारा दोष अभियंत्यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. तथापि बांधकामाच्या मजबुतीची ग्वाही कोणी द्यावी, हा प्रश्न उरतोच. वास्तुविशारदांसाठी १९७२ साली कायदा झाला. अभियंत्यांच्या नोंदणीसाठी मात्र या दुर्घटनेपर्यंत तसा केंद्रीय कायदा नव्हता. तो करताना पदवी आणि अनुभवाची वर्षे मोजून भागणार नाही. अर्जदाराने स्वतः कोणती आकडेमोड केली, कोणता निर्णय घेतला, कोणता धोका वेळीच ओळखला, याचे ज्येष्ठांनी साक्षांकित केलेले लेखी पुरावे मागितले पाहिजेत. ‘आम्ही केले’ यात ‘मी केले’ किती, हे तपासल्याविना दिलेली सनद हा निव्वळ कागदच होय.