निरवानिरव वेळेवर केलेली बरी



गेल्या रविवारी संध्याकाळी चहा घेताना मी यजमानांना म्हटले, "आपण दोघांनी मृत्युपत्र करून ठेवू या." सासूबाईंनी कप खाली ठेवला. "तिन्हीसांजेला हे काय गं अभद्र बोलणं!" यजमानांनी वर्तमानपत्र जरा वर धरले. विषय संपला.

पण माझ्या डोक्यातून तो जाईना. कारण तो सुरू झाला होता शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर. आमच्याबरोबर फिरायला येणाऱ्या एक काकू आहेत. विधवा, मूलबाळ नाही, नोकरी करून स्वतःच्या पैशाने जागा घेतलेली. आजारपणात सारे भाचीने केले. "माझ्यामागे सगळं तिचंच," त्या म्हणाल्या. कागद केलात का, विचारले तर म्हणतात, "कागद कशाला? सगळ्यांना ठाऊक आहे!"

कायद्याला मात्र ठाऊक नसते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे निपुत्रिक विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिची स्वकष्टार्जित मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. माहेरचा नंबर त्यानंतर. लग्नानंतर तीन महिन्यांतच विधवा झालेल्या, सासरने बाहेर काढलेल्या एका बाईने माहेरी राहून शिक्षण घेतले, नोकरी केली. तिच्यामागे तिची पुंजी सासरच्या माणसांना मिळाली. हा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ सालचा निकाल आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच न्यायालयाने स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करण्याचे आवाहन केले.

आणि आपण, मुलेबाळे असलेल्या? मी अर्धवेळ शिकवते, थोडे पैसे बाजूला पडतात. त्यातून आईला दरमहा काही देते. उद्या मी नसले तर माझे पैसे नवरा आणि मुले यांच्यात सारखे वाटले जातील. आईचा त्यात एक पैशाचाही हक्क नाही! हे कळले त्या रात्री मला झोप लागली नाही.

"पण नॉमिनीचं नाव घातलंय की," असे पुष्कळजणी म्हणतात. आपल्या स्वयंपाकघरात ज्यांचे 'कालनिर्णय' लटकते, त्या जयंत साळगावकरांनी २०११ साली मृत्युपत्र केले होते. २०१३ साली ते गेले. काही गुंतवणुकींवर नॉमिनींची नावे होती, त्यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. डिसेंबर २०२३ मध्ये निकाल लागला, की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो रक्कम ताब्यात घेणारा, हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात नाव असेल त्याचा. सोसायटीतही नॉमिनीला तूर्त तात्पुरते सभासदत्व मिळते, एवढेच. आणि दादर-गिरगावात असते तशी पागडीची जागा असेल, तर ते भाडेकरूपण मृत्युपत्राने देताच येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

आता लिहायचे कसे? स्टँपपेपर लागत नाही, साधा कागद चालतो. आपले नाव, पत्ता, तारीख. मी शुद्धीवर, कुणाच्या दडपणाशिवाय लिहीत आहे, हे वाक्य. मग कोणती वस्तू कुणाला, हे स्पष्ट. "दागिने मुलींना" असे मोघम नको. "पाटल्या थोरलीला, मोहनमाळ धाकटीला" असे हवे. हे सारे अमलात आणणारा माणूस नेमा, वकील त्याला एक्झिक्युटर म्हणतात. शेवटी दोन साक्षीदारांसमोर सही करा आणि त्यांच्याही सह्या घ्या. साक्षीदार वयाने लहान असावेत आणि ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नसावा, म्हणजे पुढे संशयाला जागा राहत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. मन बदलले तर नवे मृत्युपत्र करता येते, शेवटचे तेच खरे.

प्रोबेट म्हणजे हे मृत्युपत्र खरे आहे, यावर कोर्टाची मोहोर. मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, मिळकतीची यादी आणि वारसांची नावे देऊन अर्ज करायचा. साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र लागते, वारसांना नोटिसा जातात. कुणी हरकत घेतली तर मग दाव्यासारखे चालते आणि वर्षे जातात. मुंबई, मद्रास, कलकत्ता या शहरांत हिंदूंना प्रोबेट सक्तीचे असे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९२५ च्या वारसा कायद्यातले ते २१३ वे कलमच काढून टाकले. तरी घरात वादाची शक्यता असेल, तर प्रोबेट घेण्याची वाट मोकळी आहे. जुने मृत्युपत्र असेल तर वकिलाला एकदा विचारून घ्या.

काकूंनी कागद केला, बरं का! साक्षीला आमच्याच फिरण्याच्या गटातल्या दोघी. मीही माझा लिहिला, आईचे नाव घालून. यजमानांनी तो वाचला आणि काही न बोलता स्वतःसाठी एक कोरा कागद मागितला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई पाटल्यांची डबी घेऊन आल्या. म्हणाल्या, "तिन्हीसांज व्हायच्या आत माझंही लिहून घे."