ग्रुपला कुलूप आहे, किल्ली मात्र गावभर फिरते

वडीगोद्री (ता. अंबड) : धुळे-सोलापूर महामार्गावरचं वडीगोद्री आणि जवळचीच अंतरवाली सराटी, ही दोन्ही नावं गेल्या काही वर्षांत राज्यभर पोचली. 29 ऑगस्ट 2023 ला अंतरवालीत मनोज जरांगे यांचं उपोषण सुरू झालं आणि 1 सप्टेंबरला तिथं लाठीमार झाला. पुढं 13 जून 2024 ला ओबीसी आरक्षणासाठी लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे वडीगोद्रीत उपोषणाला बसले. 22 जूनला सरकारचं शिष्टमंडळ आल्यावर ते स्थगित झालं. त्याच वर्षी सप्टेंबरात दोन्हीकडं एकाच वेळी उपोषणं होती आणि दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते रस्त्यावर समोरासमोर आले. रस्त्यावरचे मंडप निघाले, मोबाईलमधले अजून तसेच उभे आहेत.

या पट्ट्यात व्हॉट्सॲप ग्रुपशिवाय आता गावगाडा चालत नाही. कालव्याच्या पाण्याची पाळी, लाईटचं वेळापत्रक, मोसंबीचा भाव, कुणाची मयत, कुणाची चुकलेली म्हैस, सगळं तिथंच कळतं. राजकारणही तिथंच आलं. मग कुणी ग्रुप सोडले, कुणाला काढलं आणि समाजासमाजाचे वेगळे ग्रुप झाले. बांध मात्र अजून एकमेकांना लागूनच आहेत. ऊसतोडीची टोळी आणि पाण्याची पाळी जात बघून येत नाही.

चहाच्या हॉटेलावर यावर दोन मतं हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, "सरकार सगळं वाचतं, कंपनी सगळं ऐकते, कशाला लिहायचं?" दुसरा म्हणतो, "वाचू दे की, आपल्याकडं लपवण्यासारखं हाय काय?" दोघंही अर्धं बरोबर आहेत.

कंपनीला काय दिसतं?

व्हॉट्सॲपवरचा मजकूर 2016 पासून पाठवणाऱ्याच्या फोनपासून घेणाऱ्याच्या फोनपर्यंत कुलूपबंद जातो. मधे कंपनीलाही तो वाचता येत नाही. पण कोण कुणाशी, कधी आणि किती वेळा संपर्कात आहे, ही माहिती कंपनीकडं राहू शकते. चॅटचा बॅकअप गुगल खात्यात जात असेल, तर त्याला वेगळं कुलूप लावावं लागतं. ती सोय सेटिंगमध्ये आहे, पण ती आपण होऊन चालू करावी लागते. 2021 च्या गोपनीयता धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर 2024 मध्ये मेटा कंपनीला 213 कोटी 14 लाखांचा दंड लावला. म्हणजे कंपनीवर शंका घेणारे अगदीच वेडे नाहीत.

कायद्याच्या बाजूनं, 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडलं आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला त्यापुढं आणखी 18 महिन्यांची मुदत आहे. सरकारी यंत्रणांना यात मोठ्या सवलती आहेत, ही टीका आजही कायम आहे.

आता लपवण्यासारखं काय हाय, याबद्दल. असं म्हणणारा माणूस आपलं सोसायटीचं कर्ज किती, बाग कितीला दिली, पोरीला कुठलं स्थळ आलं, हे पारावर मोठ्यानं सांगत नाही. कुणाला काय सांगायचं ते आपण ठरवायचं, एवढाच खाजगीपणाचा अर्थ आहे. त्यात गुन्हा लपवण्याचा संबंध येत नाही.

गळती कुठं होते?

पाचशे माणसांच्या ग्रुपमध्ये टाकलेला मेसेज पाचशे फोनमध्ये उघडतो. तिथवर कुलूप पोचवतं, पुढं स्क्रीनशॉट काढणारा बोटभर अंतरावर असतो. रागात टाकलेली एक ओळ तासाभरात दुसऱ्या समाजाच्या ग्रुपात जाते. मागची-पुढची चर्चा गळून पडते, नाव आणि नंबर तेवढे राहतात. 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं तरी तोवर फोटो निघालेला असतो. दोन समाजांत द्वेष पसरवणाऱ्या मजकुरावर भारतीय न्याय संहितेचं कलम 196 लागतं आणि त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पोलिसांना त्यासाठी कंपनीचं कुलूप फोडायची गरज पडत नाही, ग्रुपमधलाच कुणीतरी फोन पुढं करतो.

ॲडमिनबाबतही गैरसमज आहेत. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च 2021 मध्ये सांगितलं, की सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, दोघांचा संगनमताचा हेतू दिसावा लागतो. म्हणून ॲडमिननं हातावर हात ठेवून बसावं असं नाही. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 ला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं भटक्या समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. त्या काळातल्या अशा घटनांनंतरच व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली.

आधारची झेरॉक्स आणि दुसऱ्याचा पासवर्ड

दुसरी गळती कागदपत्रांची. लाडकी बहीण, पीएम किसान, अतिवृष्टीचं अनुदान, पीकविमा, प्रत्येकाला आधार, पासबुक आणि ओटीपी लागतो. 15 एप्रिल 2025 पासून राज्यात कृषी योजनांसाठी फार्मर आयडी सक्तीचा झाला. घरात ज्याला मोबाईल जमत नाही, तो शेजारच्या पोराकडं किंवा सेवा केंद्रावर फोनच देऊन टाकतो. कागदाचे फोटो थेट गावच्या ग्रुपवर पडतात, "जरा बघा रे, नाव आलं का?" म्हणून. त्याच ग्रुपवर मग 'पीएम किसान' नावाची एपीके फाईल येते. ती उघडून इन्स्टॉल केली, की फोनवर येणारे ओटीपी चोराच्या हाती जाऊ शकतात आणि खातं रिकामं होऊ शकतं.

हे फक्त अडाण्यांचं काम आहे असं समजायचं कारण नाही. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतल्या अतिवृष्टी अनुदानाच्या घोटाळ्यात 2025 मध्ये तलाठी निलंबित झाले, अंबड पोलिसांत गुन्हा दाखल झाला. अधिकाऱ्यांच्या लॉगिन आणि पासवर्डचा गैरवापर करून भलत्यांच्या खात्यावर पैसे टाकल्याचा त्यात आरोप आहे. खरं-खोटं तपासात आणि कोर्टात ठरेल. पण पासवर्ड हा ऑफिसच्या खुंटीवर टांगायची वस्तू झाला, की नुकसान शेतकऱ्याचं होतं, एवढं आत्ताच कळण्यासारखं आहे.

शेवटी सगळ्यांचंच नेट जातं

नोव्हेंबर 2023 च्या सुरुवातीला आणि पुन्हा 26 फेब्रुवारी 2024 ला जालना जिल्ह्यात इंटरनेट बंद ठेवलं गेलं. फेब्रुवारीत अंबड तालुक्यात संचारबंदीही होती. नेट बंद झालं, की अफवेबरोबर फोन पेवरचे पैसे, बाजारभाव, ऑनलाईन फॉर्म आणि पोरांचा अभ्यासही बंद पडतो. अफवा तर तोंडानंही पसरते, तिची खातरजमा करायचा रस्ता तेवढा बुजतो. असे आदेश जाहीर केलेच पाहिजेत आणि ते बेमुदत असू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 10 जानेवारी 2020 ला बजावलं आहे. आदेश मागायचा आणि वाचायचा हक्क त्यामुळं गावाला आहे. पण दहा जणांच्या पोस्टपायी सगळ्या जिल्ह्याचं नेट घालवायला सरकारला निमित्त मिळू नये, हेही गावालाच बघावं लागेल.

कंपनी आणि सरकार यांच्याशी भांडायला कोर्ट आहे, ते लांबचं काम आहे. ग्रुपचं काम आजच होण्यासारखं आहे. पाणी, लाईट, भाव आणि मयत यांचा ग्रुप वेगळा ठेवावा, त्यात दोन्ही समाजांचे ॲडमिन असावेत आणि राजकारण तिथं येऊ देऊ नये. तणावाच्या दिवसांत 'फक्त ॲडमिन लिहू शकतात' ही सेटिंग चालू करावी. आधार द्यायचंच झालं तर जिथं चालतं तिथं शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं द्यावं. ओटीपी विचारणारा जावई असला तरी तो कशाचा आहे ते वाचून मगच सांगावा. फसवणूक झालीच तर लाजत न बसता लगेच 1930 वर फोन करावा, उशीर झाला की पैसे हाती लागणं अवघड होतं.

निवडणुका येतील, आंदोलनंही पुन्हा होतील, ती व्हायलाही हवीत. उपोषणाचा मंडप उठला की नेते आपापल्या गावी जातात. कालव्याला पाणी सुटल्यावर रात्री दोनला दारं धरायला मात्र शेजारचाच गडी लागतो, आणि त्याला फोन लावायचा तर त्याचा नंबर ब्लॉक केलेला नसावा.