यादी वाचावी, आळ घेऊ नये

प्रिय विद्यार्थ्यांनो, पालकहो आणि विश्वस्त मंडळी,



गेल्या सत्रातील एक चूक आज आपल्यापुढे मांडते. चूक माझीच आहे.

एका सोमवारी संगणक कक्षातले सहा नवे संगणक इंटरनेटला जोडले जाईनात. प्रत्येकावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसत होता. राउटरकडून पत्ता मिळाला नाही, की संगणक असा पत्ता स्वतःच लावून घेतो, असे आमच्या संगणकाच्या सरांनी सांगितले. त्यांनी राउटरची यादी उघडली. १०० पासून १९९ पर्यंतचे सगळे पत्ते वाटून झालेले! त्यांत बहुतेक फोनच होते, आणि एका फोनपुढे नववीतल्या एका मुलाचे नाव होते.

शाळेत फोन आणण्यास मनाई आहे. मी त्याला तासातून बोलावून चार शब्द सुनावले. "मॅडम, माझ्याकडे फोनच नाही," एवढेच तो म्हणत राहिला. दुपारी त्याची आई आली. तो फोन तिचा होता. मुलाने घरी चालू करून देताना त्याला आपले नाव दिले होते. शनिवारच्या पालक सभेत पासवर्ड आम्हीच फळ्यावर लिहिला होता. पालक घरी गेले, पण त्यांच्या फोनांनी घेतलेले पत्ते यादीत तसेच राहिले.

हे कसे झाले? राउटर हा धर्मशाळेच्या व्यवस्थापकासारखा आहे. येईल त्या यंत्राला तो एक क्रमांक देतो आणि तो ठराविक मुदतीपुरता त्याच्या नावे ठेवतो. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. १९९३ मध्ये ती प्रथम प्रसिद्ध झाली आणि १९९७ मध्ये सुधारली गेली. आमच्या राउटरवर मुदत सात दिवसांची होती. प्रवासी निघून गेले तरी खोल्या त्यांच्याच नावावर, आणि नवा प्रवासी दारात उभा!

मी हिंदी माध्यमातून शिकले. ती इंग्रजी यादी पाहून प्रथम मलाही दडपण आले होते. पण ती हजेरीपटाहून अवघड नाही. तिच्यात सामान्यतः चार रकाने असतात : यंत्राचे नाव, मॅक पत्ता म्हणजे यंत्राची बारा अक्षर-अंकी खूण, राउटरने दिलेला पत्ता आणि उरलेली मुदत.

मात्र या हजेरीपटाच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. नाव कोणीही बदलू शकतो. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून बरेच फोन खरा मॅक पत्ता लपवून बनावट देतात. ज्या यंत्राला पत्ता हाताने भरून दिला आहे, ते या यादीत बहुधा दिसतच नाही. कोणी काय पाहिले, हे तर ही यादी सांगतच नाही. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की ही यादी मोजणीसाठी आहे, शिक्षेसाठी नाही.

शाळेत आम्ही तीन गोष्टी केल्या. पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय ठेवले, त्याची मुदत दोन तासांची केली, आणि शाळेच्या प्रत्येक यंत्राची नोंद एका वहीत केली. विश्वस्त मंडळास विनंती आहे, की यादी नेहमी दोघांनी मिळून पाहावी आणि केवळ तिच्या आधारे कोणत्याही विद्यार्थ्यावर कारवाई होऊ नये, असा ठराव करावा.

पालकांनी घरीही महिन्यातून एकदा ही यादी पाहावी. राउटरच्या तळाशी त्याचा पत्ता छापलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. ती पाहताना मुलांना शेजारी बसवा. घरात यंत्रे किती, यादीत किती, ते ताडून पाहा. टीव्ही आणि कॅमेरा मोजायला विसरू नका. एखादे नाव अनोळखी वाटले तर घरातली यंत्रे एकेक करून ओळखा. तरीही उलगडा झाला नाही तर वाय-फायचा पासवर्ड बदला. राउटर उघडण्याचा पासवर्ड वेगळा असतो, तोही बदला. शेजाऱ्यावर किंवा मुलावर संशय घेण्याची घाई मात्र करू नका.

विद्यार्थ्यांनो, पासवर्ड मित्राला वाटणे म्हणजे घराची किल्ली वाटणे, हे लक्षात ठेवा.

त्या मुलाची मी त्याच्या वर्गासमोर क्षमा मागितली. आळ वर्गासमोर आला होता, मग क्षमाही तिथेच मागायला हवी होती.

आपली,
प्राचार्या