फोनवरचा डॉक्टर आणि घरातले बाळ

"पोटाला हात नाही, छातीला नळी नाही, मग फोनवरून औषध कसले सांगता?" एका आजींनी मला परवा विचारले. सुनेचे म्हणणे उलट होते. साध्या सर्दीसाठी दिवसाची मजुरी बुडवायची, एसटीने तालुक्याला यायचे आणि आजारी मुलांच्या गर्दीत बसायचे, त्यापेक्षा फोन बरा.

माझ्या मते दोघींचेही खरे आहे. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे नियम जाहीर केले. 'ई-संजीवनी' ही सरकारी सेवा मोफत असून आरोग्य केंद्रातूनही ती घेता येते. तपासून गेलेल्या मुलाची पुन्हा विचारपूस करणे, जुलाबात जलसंजीवनी कशी पाजावी, झिंकच्या गोळ्या १४ दिवस का द्याव्यात हे समजावणे, यासाठी फोन पुरतो.

पण गेल्या पावसाळ्यातील एक प्रसंग सांगतो. एका आईने नऊ महिन्यांच्या बाळाचा खोकला मला व्हिडिओवर दाखवला. पडद्यावर फक्त चेहरा होता. बाळ शांत दिसत होते. मी म्हटले, "ताई, झबलं वर करा." प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. श्वास मोजायला लावले, ते मिनिटाला ६४ भरले. ताबडतोब रुग्णालयात पाठवले. न्यूमोनिया होता. बाळ वाचले. परंतु झबले वर करायला सांगितले नसते, तर खोकल्याचे औषध सांगून मी मोकळा झालो असतो.

म्हणून पालकांनी फोन करण्यापूर्वी मुलाचे वजन, ताप आणि शेवटची लघवी कधी झाली हे लिहून ठेवावे. मूल शांत असताना छाती उघडी करून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळात ६०, एक वर्षापर्यंत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून अधिक भरले, तर फोनवर वेळ न घालवता दवाखाना गाठावा. छातीत खड्डा पडणे, दूध न ओढणे, सगळे उलटून पडणे, आकडी येणे किंवा गुंगीत असणे, यांपैकी काहीही दिसले तरी तेच करावे. दोन महिन्यांखालील आजारी बाळ तर प्रत्यक्षच दाखवावे.

आणि एक विनंती. फोनवर "मुलाला घेऊन या" असे डॉक्टरांनी सांगितले, तर फी उकळण्यासाठी बोलावतात असे समजू नये. जे पडद्यावर दिसत नाही, तेच त्यांना पाहायचे असते.