मैदानावरचे विद्यार्थी आणि वर्गातले कामगार

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने २०२० साली अवघे सहा सामने खेळले. दोन जिंकले, चार गमावले. उरलेले तीन संघातच करोनाची लागण झाल्यामुळे रद्द झाले. १९१८ पासून एकाही वर्षी न चुकलेला ओहायो स्टेटविरुद्धचा सामनाही त्यांत गेला. क्रीडारसिकांना हा हंगाम विसरावासा वाटेल. श्रमाच्या प्रश्नाचा विचार करणाऱ्यांनी मात्र तो नीट तपासून पाहिला पाहिजे.

हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. लांबट चेंडू हाती धरून, अंगाला अंग भिडवून खेळावयाचा हा खेळ. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाला याहून सोयीचे मैदान मिळणे कठीण! मिशिगनच्या क्रीडागारात १ लाख ७ हजार प्रेक्षक बसतात. ज्या ‘बिग टेन’ संघटनेत हा संघ आहे (नाव दहांचे, सभासद तेव्हा चौदा), तिच्याकडून विद्यापीठाला वर्षाकाठी ५ कोटी डॉलरहून अधिक वाटा मिळत असे; त्याचा मोठा भाग दूरचित्रवाणीच्या हक्कांतून येई. मुख्य प्रशिक्षकाचे वेतन ८० लाख डॉलरच्या घरात होते. खेळाडूंना शिष्यवृत्ती, निवास आणि भोजन मिळे, वेतन नव्हे.

११ ऑगस्ट २०२० रोजी बिग टेनने हंगाम पुढे ढकलला. कुलगुरूंनी ११ विरुद्ध ३ मतांनी तसे ठरविले होते. रोगाचा हृदयावर होणारा परिणाम अद्याप कळलेला नाही, असे वैद्यकीय सल्लागारांचे म्हणणे होते. पुढे दक्षिणेतील संघटना खेळू लागल्या, निवडणुकीच्या तोंडावर खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी बिग टेनच्या आयुक्तांना दूरध्वनी केला, आणि १६ सप्टेंबरला त्याच कुलगुरूंनी एकमताने निर्णय फिरविला. खेळाडूंची रोज चाचणी होईल, अशी हमी देण्यात आली.

आता त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या अंगणात पाहू. मिशिगनमध्ये पदवीचे वर्ग शिकविणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची जुनी कामगार संघटना आहे. ८ सप्टेंबरला तिने संप पुकारला. चाचण्या वाढवा, आणि ज्याला वर्गात येणे धोक्याचे वाटते त्याला घरून शिकवू द्या, अशा तिच्या मागण्या होत्या. विद्यापीठाने संपाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. १६ सप्टेंबरलाच, म्हणजे फुटबॉलचा मार्ग मोकळा झाला त्याच दिवशी, संघटनेने विद्यापीठाचा सुधारित प्रस्ताव स्वीकारून संप मिटविला. पदरात पडले ते मागण्यांच्या मानाने थोडे होते. पण जे पडले ते संघटना होती म्हणून पडले. रोजची चाचणी खेळाडूंना न मागता मिळाली आणि शिक्षकांना मागूनही मिळाली नाही. दोघांचे शरीर सारखेच. फरक होता तो त्या शरीराच्या कामातून येणाऱ्या उत्पन्नाचा.

याहून बोलकी घटना ऑक्टोबरात घडली. विद्यापीठात साथ वाढल्यामुळे २० ऑक्टोबरला स्थानिक आरोग्य खात्याने पदवीच्या सर्व विद्यार्थ्यांना दोन आठवडे निवासस्थान न सोडण्याचा आदेश दिला. विद्यापीठाच्या क्रीडासंघांना त्यातून सूट होती. २४ ऑक्टोबरला संघ मिनेसोटात जाऊन ४९–२४ असा जिंकूनही आला! वस्तुतः हे खेळाडूही पदवीचे विद्यार्थीच. मोबदल्याचा प्रश्न निघाला की ज्यांना आवर्जून ‘विद्यार्थी’ म्हटले जाते, ते त्या आदेशापुरते विद्यार्थी उरले नाहीत.

‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्दच मुळी कायद्याच्या गरजेतून जन्मला. १९५० च्या दशकात जायबंदी खेळाडू कामगार म्हणून नुकसानभरपाई मागतील या भीतीने महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने तो रूढ केला. सामन्यात दुखापत होऊन मरण पावलेल्या कोलोराडोतील एका खेळाडूच्या विधवेला १९५७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने भरपाई नाकारली.

खेळाडूंना स्वतःलाच खेळावयाचे होते, असा आक्षेप घेतला जाईल. तो खोटा नाही. ओहायो स्टेटच्या एका खेळाडूने हंगामासाठी काढलेल्या निवेदनावर ३ लाखांहून अधिक सह्या झाल्या. पण ज्याचे पुढचे व्यावसायिक आयुष्य एका हंगामावर अवलंबून आहे त्याने हंगाम मागणे म्हणजे रोजगार मागणेच होय. शिवाय ऑगस्टमधील खेळाडूंच्या संयुक्त निवेदनात दोन गोष्टी होत्या: आम्हाला खेळू द्या, आणि आमची स्वतःची संघटना होऊ द्या. पहिली सर्वांनी उचलून धरली. दुसरी कोणी ऐकली?

त्यानंतर पुष्कळ बदलले, हे मान्य केले पाहिजे. २०२१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंच्या बाजूने एकमताने निकाल दिला. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार प्रत्येक विद्यापीठाला पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंत थेट वाटता येऊ लागली. मिशिगनच्या प्रशिक्षकांनीही २०२१ च्या विजयानंतरचा आपला बोनस, साथीत पगार कापल्या गेलेल्या क्रीडा विभागातील कर्मचाऱ्यांना देण्याचे जाहीर केले. माणूस भला, पण पगारकपात भरून निघावी ती कोणाच्या भलेपणातून काय? आणि त्या तडजोडीत पैशाची वाटणी आहे, कामगार म्हणून मान्यता नाही. त्यामुळे सामूहिक वाटाघाटीचा हक्कही नाही. उद्या पुन्हा साथ आली आणि खेळावे की न खेळावे हे ठरवावयाचे झाले, तर मिशिगनमधील वर्ग घेणाऱ्यांच्या वतीने बोलणारी संघटना आहे. खेळाडूंच्या वतीने ते पूर्वीचेच कुलगुरूमंडळ बोलणार.