करवंदाचा जाम : गुण हाताचा कीं तराजूचा ?

वैशाख सरत आला म्हणजे महाड व पोलादपूर तालुक्यांतील डोंगरउतारांवर करवंदांच्या जाळ्या काळ्याभोर होतात. कातकरी व धनगर भगिनी तीं फळें तोडून हमरस्त्यावर पानांच्या द्रोणांत विकतात. सायंकाळपर्यंत न खपलेला माल दुसऱ्या दिवशीं मऊ पडतो, आणि मृगाचा पाऊस लागला कीं हंगामच संपतो. ह्या फळाचा जाम करून तो वर्षभर विकावा, ही सूचना नवी नाहीं. परंतु ज्या घरीं ती अमलांत आली, तेथें पुष्कळदां जाम बाटलींत पातळच राहिला, आणि “आमच्या हाताला गुण नाहीं” असें म्हणून तो उद्योग सोडून देण्यांत आला. हा समज चुकीचा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

जाम जमतो तो पेक्टिन, आंबटपणा व साखर ह्या तिहींच्या मेळानें. ब्राकोनो ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८२५ सालीं ज्या द्रव्यास पेक्टिन हें नांव दिलें, तें पिकावयास आलेल्या फळांत भरपूर असतें. फळ अति पिकून मऊ झालें कीं त्याची जमविण्याची शक्ति क्षीण होते. आमच्या गृहिणी मात्र जामासाठीं सर्वांत पिकलेलीं व गोड करवंदें निवडतात. येथेंच पहिली चूक होते. तीन भाग पिकलेल्या करवंदांस एक भाग लालसर, अर्धकच्चीं करवंदें मिळवावीं. आंबटपणा ह्या फळांत मूळचाच आहे.

दुसरी चूक आंचेची. फळें थोड्या पाण्यांत शिजवून, गर गाळून, मगच साखर घालावी. त्यानंतर तासन् तास मंद आंचेवर आटवीत बसूं नये, कारण दीर्घ उकळीनें पेक्टिन मोडतें. एका वेळीं किलो-दोन किलोच गर घेऊन तो जलद उकळावा.

तिसरी चूक अंदाजाची. पातेलें अगोदर तोलून ठेवावें. एक किलो गर व एक किलो साखर घेतली असतां आटून सुमारें १ किलो ७०० ग्रॅम जाम उरला पाहिजे. म्हणजे त्यांतील विद्राव्य घनांश ६५ टक्क्यांच्या पुढें जातो. विक्रीच्या जामासाठीं आपल्या देशाच्या अन्नमानकांत किमान प्रमाणही हेंच आहे. उष्णतामापक असल्यास उकळत्या पाण्याहून सुमारें ५ अंश अधिक, ही खूण धरावी. महाडास ती १०५ अंशांच्या आसपास येते. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरीं गेल्यास पाणीच कमी उष्णतेवर उकळतें, म्हणून तेथें ती सुमारें १०० अंशांवर येते.

कित्येक म्हणतील, शहरांतून पेक्टिनची भुकटी आणली म्हणजे हा खटाटोप कशास ? आम्हांस हें पटत नाहीं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी पेक्टिनच्या बाबतींत दुबळी असूनही तिचा जाम देशभर गेला. आणि ज्या करवंदाच्या अंगींच जमण्याचा गुण आहे, त्यासाठीं आम्हीं विकतची भुकटी आणावी, हें शहाणपण नव्हे. त्यापेक्षां गांवोगांवच्या मंडळांनीं एक चांगला तराजू व एक उष्णतामापक सामाईक ठेवावा.

आणखी एक गोष्ट आम्हीं निक्षून सांगतों. जामासाठीं करवंदें घ्यावयाचीं तर तीं तोडणाऱ्या भगिनींकडून वजनानें व रोखीनें घ्यावीं. पाटीच्या अंदाजानें नव्हे. काट्यांनीं हात ओरबाडून घेणारीस द्रोणाइतकाही भाव न मिळाला, तर जाम कितीही उत्तम जमला तरी तो उद्योग जमला असें आम्हीं म्हणणार नाहीं. तराजू पातेल्यासाठीं आणावयाचाच आहे. त्याचा पहिला उपयोग करवंदें घेतांना दारांत व्हावा, एवढीच आमची विनंती आहे.