तळहातावरचे फोड

गेल्या जून महिन्यांत आमच्या महाविद्यालयांत प्रवेशाचे दिवस चालू असतां एक उंचापुरा तरुण आमच्या खोलींत आला. त्याच्या एका बाजूस वडील होते, दुसऱ्या बाजूस आई होती. कोणता विषय घ्यावयाचा विचार आहे, असें आम्हीं विचारलें. उत्तर वडिलांनीं दिलें. वाचनाची आवड आहे काय, असें विचारलें. उत्तर आईनें दिलें. शेवटीं आम्हीं नांव विचारलें, तेव्हां त्या तरुणानें तोंड उघडलें. पण तेंही एकवार वडिलांकडे पाहून. अर्जावरून पाहतां त्यास अठरा वर्षें पूर्ण झालीं होतीं. १९८९ पासून आपल्या देशांत अठरा वर्षांच्या नागरिकास मताचा अधिकार आहे. देशाचें सरकार कोणतें असावें हें ज्यानें ठरवावयाचें, त्यास तर्कशास्त्र घ्यावें कीं अर्थशास्त्र, हें ठरवितां येत नव्हतें.

वाचक म्हणतील, हा एखादा अपवाद असेल. तीस वर्षें शिकविण्यांत घालविलेल्या माणसाचा शब्द त्यांनीं कृपा करून मानावा. आम्ही शिकवूं लागलों त्या वेळीं असा मुलगा अपवाद होता. आतां एकटा येणारा मुलगा अपवाद झाला आहे. आणि हा तरुण जन्मतः मुका नव्हता. दहाव्या वर्षीं त्यास कोपऱ्यावरच्या दुकानांतून कोथिंबीर आणूं दिली नाहीं, बाराव्या वर्षीं एकट्यानें शाळेंत जाऊं दिलें नाहीं, चौदाव्या वर्षीं त्याचें दप्तर आईनें भरलें, त्याचें हें फळ आहे. ज्याला अठरा वर्षें एकही निर्णय घेऊं दिला नाहीं, त्यानें एकोणिसाव्या वर्षीं एकाएकीं कर्ता पुरुष व्हावें, ही अपेक्षा पोहावयास न शिकवितां मुलास नदींत ढकलण्यासारखीच आहे.

या सर्वांवर आमच्या वर्गाचें एक ठरलेलें उत्तर असतें : "काळ बदलला आहे." रस्त्यांवर मोटारींची गर्दी फार, आणि माणसें पूर्वींसारखीं राहिलीं नाहींत. हे दोन्ही आक्षेप तपासून पाहण्याजोगे आहेत.

मोटारींची भीति खोटी नाहीं. २०२२ या एका वर्षांत आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसें मेलीं. परंतु या भीतीवर आपण शोधलेला उपाय कोणता ? मुलास मोटारींतून शाळेच्या फाटकाशीं नेऊन सोडणें ! शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळीं कोणत्याही मोठ्या शहरांतील शाळेसमोर उभें राहून पाहावें. चालत येणाऱ्या मुलास तेथें पाय ठेवावयास जागा नसते, आणि ती जागा अडविणारीं वाहनें त्याच्याच वर्गबंधूंच्या आईबापांचीं असतात. ज्या मोटारींच्या भयानें आपण मुलास मोटारींत घातलें, त्यांतील एक मोटार आपलीच आहे. इंग्लंडनें ही वाट आपल्या आधींच चालून पाहिली आहे. तेथें १९७१ सालीं सात-आठ वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ८० मुलें मोठ्यांवांचून शाळेंत जात. १९९० सालीं हें प्रमाण शेंकडा ९ वर आलें. मेयर हिलमन व त्यांचे सहकारी यांनीं ही मोजणी केली, आणि तीवरून काढलेला निष्कर्ष विचार करण्यासारखा आहे. रस्त्यांवर मरणाऱ्या मुलांची संख्या त्या काळांत घटली खरी. पण रस्ते सुरक्षित झाले म्हणून नव्हे, तर मुलेंच रस्त्यांवरून नाहींशीं झालीं म्हणून. वाघ मोकळा ठेवून शेळ्यांना कोंडावें, आणि आतां रान निर्भय झालें म्हणून समाधान मानावें, तशांतलाच हा प्रकार.

दुसरा आक्षेप वाईट माणसांचा. या बाबतींत थट्टेचा सूर लावणें आम्हांस शोभणार नाहीं. २०१२ सालीं बालकांच्या लैंगिक छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून या दुखण्याचें गांभीर्य कळतें. पण त्या कायद्याखालीं नोंदलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांची सरकारी आंकडेवारी वर्षामागून वर्ष एकच गोष्ट सांगत आली आहे. बहुतेक सर्व प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच असतो. नातलग, शेजारी, घरीं येणारा-जाणारा. म्हणजे ज्या अनोळखी माणसाच्या भयानें आपण दार लावून घेतों, त्याच्यापेक्षां दाराच्या आंतील माणसाचें भय अधिक आहे. त्यापासून मुलाचें रक्षण कुलुपानें होत नाहीं. "नाहीं" म्हणण्याची हिंमत, घडलेलें सांगण्याची मोकळीक आणि स्वतःच्या पारखीवर विश्वास, यांनींच तें होतें. आणि नेमके हेच गुण, ज्यास कधीं स्वतः कांहीं ठरवूं दिलें नाहीं, त्या मुलांत उत्पन्न होत नाहींत.

कोणी म्हणेल, मुलांस जपणें ही तर आपली परंपरा. आम्ही विचारतों, कोणती परंपरा ? साने गुरुजींच्या 'श्यामची आई' या पुस्तकावर आमच्या वर्गाच्या तीन पिढ्यांनीं आसवें गाळलीं. पण पोहावयास भिऊन लपून बसलेल्या श्यामला बाहेर ओढून विहिरीवर धाडणारी तीच आई होती, हें वाचतांना आपले डोळे कोठें असतात? तिच्या हातांतील छडीचें समर्थन आम्ही करीत नाहीं; मूल भित्रें राहूं नये म्हणून तिला लागलेल्या तळमळीचें मोल आम्ही मानतों. धोंडो केशव कर्वे विद्यार्थिदशेंत परीक्षेसाठीं मुरुडहून साताऱ्यास डोंगर ओलांडून पायीं गेले. आणि वयानें लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसूं दिलें नाहीं, तेव्हां ती निराशाही पचवून परतले. मुलांना आज घाट तुडवावयास लावा, असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्यांना आपण महर्षि म्हणतों, त्यांचा पिंड पायाखालच्या वाटेनें घडला होता, एवढें तरी ध्यानांत ठेवावें. १९२६ सालीं गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, तोही मुलास स्वतःच्या हातानें करूं द्यावें याच तत्त्वावर. आमच्या वर्गानें तें तत्त्व मोठ्या कौतुकानें स्वीकारलें. पण तें बालमंदिराच्या उंबरठ्याबाहेर येऊं दिलें नाहीं. तीन वर्षांचें जें मूल तेथें आपली वाटी आपण विसळतें, त्याच्यापुढचें ताट तेराव्या वर्षीं घरीं आई उचलते.

आम्ही राहतों त्या इमारतीच्या रखवालदाराची मुलगी अकरा वर्षांची आहे. रोज सकाळीं धाकट्या भावाचा हात धरून ती तोच चौक ओलांडते, जो आमच्या सोसायटींतील चौदा वर्षांचे मुलगे ओलांडूं शकत नाहींत. हें स्वातंत्र्य तिला कोणीं प्रेमानें दिलेलें नाहीं, गरिबीनें तिच्यावर लादलें आहे. तेव्हां त्याचे गोडवे आम्ही गाणार नाहीं. परंतु एक प्रश्न राहतोच. तो चौक खरोखर इतका भयंकर असेल, तर ती मुलगी त्यांतून जात असतां आम्ही बाल्कनींत चहा पीत कसे बसतों ? आणि तसा नसेल, तर आमच्या मुलांस आम्ही कां अडवितों ? आमच्या मुलांनाही तोच रस्ता पायीं चालावयाचा असता, तर तेथें पदपथ व्हावा म्हणून नगरपालिकेच्या पायऱ्या आम्हीं केव्हांच झिजविल्या असत्या.

आतां एक कबुली. आमच्या मुलास आम्हीं अकराव्या वर्षीं सायकल दिली व शाळेची वाट मोकळी केली, याचा आम्हांस अभिमान होता. त्याच्याहून तीन वर्षांनीं धाकट्या मुलीला मात्र बारावीपर्यंत आम्ही स्वतः पोंचवीत असूं. एके दिवशीं तिनें विचारलें, "बाबा, तुम्हांला माझी भीति वाटते कीं माझ्याबद्दल लोक काय म्हणतील त्याची ?" आम्हीं रागावून विषय बदलला. रागाचें कारण आज कळतें. तिचा नेम बरोबर लागला होता. पुढें ती परगांवीं शिकावयास गेली, तेव्हां बँकेंत पैसे भरण्यासारख्या साध्या कामासही पहिले सहा महिने तिचा हात कांपत असे. तो कंप आम्हीं तिला दिलेली देणगी आहे, हें लिहितांना संकोच वाटतो. पण न लिहिणें अप्रामाणिकपणाचें होईल. आपण मुलांना जपतों असें म्हणतों. वस्तुतः पुष्कळदां आपण जपतों तें आपल्या मनाचें स्वास्थ्य आणि आपलें नांव. दर तासाला मोबाइलवर "कोठें आहेस" असें विचारणें हीही त्याच स्वास्थ्याची मात्रा आहे. ती घेतो आपण, आणि तिचें मोल भरतें मूल.

मग करावें काय ? मुलांना वाऱ्यावर सोडा, असें आमचें म्हणणें नाहीं. पोहावयास शिकवितांना कंबरेचा दोर हळूहळू सैल करतात, तद्वत् करावें. सातव्या-आठव्या वर्षीं आपलें दप्तर, आपलें ताट, आपले कपडे. दहाव्या वर्षीं वाण्याकडचा जिन्नस आणि हिशेबानें परत आणलेले पैसे. त्यापूर्वीं महिनाभर आपण बरोबर चालून वाट दाखवावी, पुढचा महिना वीस पावलें मागें राहावें, आणि मग घरीं थांबावें. चौदाव्या वर्षीं बसचा अथवा लोकलचा प्रवास. सोळाव्या वर्षीं, जुन्या सुभाषितकारांनीं सांगितल्याप्रमाणें, मुलाशीं मित्रत्वानें वागावें. आणि मित्राचा अर्ज आपण भरीत नसतों. मुलीसाठीं याहून निराळें कोष्टक असूं नये. या वाटेवर गुडघे फुटतील, पैसे हरवतील, एखादी बस चुकेल. हीं लहान नुकसानें वेळींच होऊं दिलीं नाहींत, तर पुढें मोठीं होतात.

आपण आपल्या मुलांना तळहातावरच्या फोडाप्रमाणें वाढवितों, असें अभिमानानें सांगतों. पण फोड असलेल्या हातानें कोणतेंच काम करतां येत नाहीं, हेंही आपल्याला ठाऊक आहे. येत्या जूनमध्यें आमच्या खोलीबाहेर एक बांक मांडून ठेवण्याचें आम्हीं ठरविलें आहे. आईबापांनीं तेथें स्वस्थ बसावें. पंख्याची व पाण्याची सोय केली जाईल. आंत मात्र विद्यार्थ्यानें एकट्यानें यावें.